यंत्राआधीची वाट

श्रोतेहो, मोठ्या कामांचा इतिहास आपण बहुधा शेवटच्या दिवसापासून वाचतो. धरणाचे दरवाजे केव्हा उघडले, पुलावरून पहिली गाडी केव्हा गेली, विजेचा पहिला दिवा कोणाच्या हस्ते लागला, यांच्या तारखा आपल्या ध्यानात असतात. परंतु कोणी तरी हातात कुऱ्हाड आणि मोजणीची साखळी घेऊन डोंगराच्या कडेवर उभा राहिला आणि एवढे अवजड सामान येथून न्यावयाचे कसे, असा प्रश्न त्याने स्वतःस विचारला, त्या दिवसाची नोंद क्वचितच कोणी ठेवितो. वस्तुतः दुर्गम जागेतील प्रत्येक कामाचा आरंभ याच प्रश्नापाशी होतो. नळ टाकावयाचा असो, तारेचे खांब रोवावयाचे असोत, की जमिनीच्या पोटात शंभर-दोनशे मीटर भोक पाडावयाचे असो. जेथपर्यंत यंत्र पोहोचत नाही तेथपर्यंत कारागिराचे कौशल्य निरुपयोगीच होय.

या प्रश्नाला आजवर दोनच उत्तरे मिळालेली आहेत. पहिले, ओझ्याप्रमाणे वाट करावी, म्हणजे डोंगर फोडून यंत्र जाईल एवढा रस्ता काढावा. दुसरे, वाटेप्रमाणे ओझे करावे, म्हणजे यंत्राचेच असे तुकडे पाडावे की ते आहे त्या पायवाटेने जातील. यांपैकी कोणते उत्तर कोठे योग्य, हा विचार वऱ्हाडातील लोणार येथे जितका निकडीचा आहे तितका महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच असेल. म्हणून आजच्या भाषणात लोणारच्या विवरात उतरणाऱ्या वाटेचा विचार करण्याचे मी योजिले आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. मेहकरच्या बाजूने येताना काळ्या जमिनीची शेते लागतात. पुढे जमीन हळूहळू किंचित वर चढते, आणि एकाएकी पायांखाली प्रचंड वाटोळी खोलगट जागा उघडी होते. काठापासून समोरच्या काठापर्यंतचे अंतर सुमारे १,८३० मीटर. काठापासून तळ सुमारे १५० मीटर खाली. आणि तळाशी सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंदीचे, खाऱ्या पाण्याचे उथळ सरोवर. आतील उतार सुमारे २६ अंशांचा, म्हणजे माणसास झाडाझुडपांचा आधार घेत उतरता येईल, परंतु बैलगाडीस मुळीच नाही, असा आहे. ईशान्येकडे धार या नावाचा गोड्या पाण्याचा झरा आहे. त्याच्या ओघळाने काठाला खाच पाडली आहे, आणि धारेच्या तीर्थापासून पायऱ्यांनी व पायवाटेने मनुष्य खाली उतरतो. खाली कमळजादेवीचे देऊळ आहे. सरोवराच्या काठाने आणखीही जुनी दगडी देवळे झाडीत उभी आहेत. गावातील दैत्यसूदनाचे देऊळ आणि विष्णूने लवणासुरास मारल्याची कथा तर पुष्कळांस ठाऊक असेल.

आता या विवरातून वर काय येत असे ते पाहू. अकबराच्या पदरी असलेल्या अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-इ-अकबरी' लिहिली. तीत मेहकर सरकारच्या वर्णनात लोणारचा उल्लेख असून काच व साबण करण्यास लागणारी द्रव्ये तेथे सापडतात, असे नमूद केलेले आहे. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी ओसरले की काठावर व पाण्याखाली क्षार बसत. त्यांच्या प्रतीप्रमाणे दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे रूढ होती. आपल्या घरी पापडाच्या पिठात जो पापडखार पडतो, त्याच कुळातील हे द्रव्य. कपड्याच्या रंगकामात, साबणात आणि बांगड्यांच्या काचेत त्याचा उपयोग होई. श्रोत्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्षार ही वस्तू अशी आहे की तिचे हवे तेवढे भाग पडतात. टोपली भरेल एवढी घ्यावी, गोण भरेल एवढी घ्यावी. ओझे जितके वाट सोसेल तितके. म्हणून शतकानुशतके हा व्यापार चालूनही विवराच्या अंगावर मोठा रस्ता खोदण्याचे कारण पडले नाही. वाटेप्रमाणे ओझे या उत्तराचे याहून सोपे उदाहरण नाही.

परंतु एकोणिसाव्या शतकात लोणारकडे निराळ्याच प्रकारचे जिज्ञासू येऊ लागले. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने हे स्थळ पाहिले. त्यानंतर भूगर्भशास्त्रज्ञांत एकच वाद सुरू झाला : ही खोलगट जागा झाली कशी? दख्खनचा सारा प्रदेश लाव्हारसाच्या थरांचा. तेव्हा हे ज्वालामुखीचेच तोंड, अथवा जमिनीखाली कोंडलेल्या वाफेच्या स्फोटाने पडलेला खड्डा, असा बहुतेकांचा कल होता. अमेरिकन भूगर्भवेत्ता गिल्बर्ट याने १८९६ साली ॲरिझोनातील एका विवराची चर्चा करताना त्याच्या जोडीला उदाहरण म्हणून लोणारचेच नाव घेतले, आणि दोन्हीही वाफेच्या स्फोटाची असावीत अशा मताकडे तो झुकला. लाटूश व ख्रिस्ती यांनी १९१२ साली लोणारवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यानेही हा वाद मिटला नाही. निव्वळ काठावर उभे राहून हा वाद मिटण्यासारखा नव्हता, कारण खरा पुरावा तळाच्या गाळाखाली दडलेला होता. तो वर काढावयाचा तर खाली यंत्र नेणे भाग होते. आणि यंत्र म्हणजे क्षाराची टोपली नव्हे.

यंत्र खाली नेण्यात अडचण कोणती, हे नीट कळण्यासाठी आपण क्षणभर लोणार सोडून सह्याद्रीकडे जाऊ. ओझ्याप्रमाणे वाट, या दुसऱ्या रीतीचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा धडा बोरघाटात गिरविला गेला आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा हा घाट पूर्वी पायी मनुष्याचा व लादलेल्या जनावरांचा होता. १८०४ च्या सुमारास वेलस्लीने तोफा नेण्यासाठी त्याची डागडुजी करविली, आणि १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आगगाडी घाटावर नेण्याचे ठरविले तेव्हा हाच गाडीरस्ता तिच्या कामी आला. आगगाडीचा घाटमार्ग १८६३ साली सुरू झाला. पण वरील खंडाळा ते पुणे हा भाग त्याच्या पाच वर्षे आधी, १८५८ सालीच चालू झालेला होता! म्हणजे त्या भागावरचे रूळ आणि इंजिने रुळांवरून वर आलीच नाहीत. ती सारी गाडीरस्त्याने घाट चढून गेली. तोफेसाठी सुधारलेली वाट व्यापाराच्या गाडीस उपयोगी पडली, आणि व्यापाराच्या गाडीची वाट इंजिनास उपयोगी पडली.

खाली पायथ्याशी आणखी एक गंमत घडली. घाटाचे काम संपेपर्यंत उतारूंची व मालाची सोय व्हावी म्हणून पळसदरीपासून खोपोलीपर्यंत रेल्वेचा एक फाटा १८५६ साली उघडण्यात आला. तेथे उतरावे, पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढावा आणि वर खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसावे, असा तो प्रवास होता. घाटमार्ग पुरा होताच या फाट्याचे प्रयोजन संपावयाचे. पण फाटा राहिला. पुढे पन्नास-साठ वर्षांनी टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे सतराशे फूट खाली आणून त्यावर वीज उत्पन्न करण्याचे ठरविले. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्यास कोनशिला बसली, १९१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. आणि तो विजेचा कारखाना कोठे उभा राहिला म्हणाल, तर नेमका या खोपोलीस, फाट्याच्या टोकाशी. तात्पुरती म्हणून केलेली वाट दुसऱ्याच पिढीच्या कामी आली.

परंतु या वाटेची किंमतही सांगितली पाहिजे. घाटमार्गाचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली १८६२ साली, मार्ग पुरा होण्याच्या आधी एक वर्ष, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. दुसरा सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, ते कंत्राट हाती ठेवून पुरे करविले. १८६१ च्या आरंभी बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे या घाटात राबत होती. कड्यावर उभे राहावयास जागा नसे, म्हणून कामकरी दोरांनी खाली सोडून त्यांच्याकडून सुरुंगाची भोके पाडून घेत. पटकीने आणि तापाने हजारो मजूर दगावले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पंचवीस बोगद्यांचे कौतुक करताना या मजुरांची आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे; कारण बोगद्याच्या तोंडापर्यंत जाण्याची वाटही त्यांनीच प्रथम केली.

बोरघाटाचा हिशेब असा की किंमत भारी पडली, पण वाट कायम उपयोगाची झाली. पुष्कळ इंजिनिअरांच्या मनात यावरून एक समजूत दृढ झाली आहे : रस्ता केला की तो कधी ना कधी उपयोगी पडतोच, त्याने नुकसान असे काही नाही. घाटात ही समजूत खरी असेल. लोणारात ती खरी आहे काय, हे आता पाहावयाचे आहे.

जमिनीच्या पोटातून नमुना काढणारे वेधनयंत्र म्हणजे काय चीज आहे? एका पोकळ पोलादी नळीच्या तोंडाशी हिरकण्या बसविलेला फाळ असतो. नळी फिरू लागली की फाळ खडक कातीत खाली जातो आणि मधला दगडी गाभा नळीत शिरतो. तो वर काढून क्रमाने पेटीत मांडून ठेवावयाचा. फाळ तापू नये आणि चुरा वर यावा म्हणून नळीतून सतत पाणी सोडावे लागते. म्हणजे यंत्रासोबत इंजिन हवे, पंप हवा, नळ्या उचलण्यास तिकाटणे हवे, शेकडो मीटर भरतील इतक्या नळ्या हव्यात, तेल हवे. यंत्र उभे करण्यास सपाट व पक्की जागा हवी. आणि दगडाच्या जड पेट्या पुन्हा वर आणण्याची सोय हवी. नळ्यांचे तुकडे पडतात, तिकाटण्याचे पडतात, पेट्यांचेही पडतात. जेथे अडते ते इंजिनाचा सांगाडा किंवा तत्सम एखाद्या अखंड वस्तूपाशी. म्हणून अनुभवी मनुष्य सर्व सामानाचे वजन विचारीत नाही. सर्वांत जड अशा एका न फुटणाऱ्या वस्तूचे वजन विचारतो. वाट ठरते ती त्या एका वस्तूवरून.

ॲरिझोनातील ज्या विवराचा मघाशी उल्लेख आला, तेथे हे काम आपल्या आधी झाले. ते विवर सुमारे १,२०० मीटर रुंद व १७० मीटर खोल आहे. बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने १९०३ पासून तेथे अशनीच्या लोखंडाचा शोध आरंभिला. तळावर विहीर खोदली, पुष्कळ भोके पाडली. लोखंडाचा मोठा गोळा काही हाती लागला नाही, कारण आदळणाऱ्या अशनीचा बहुतेक भाग त्या आघातातच वितळून व वाफ होऊन गेला होता. विवर अशनीचेच आहे हे मात्र पुढे शूमेकर आदी संशोधकांनी १९६० च्या सुमारास निर्विवादपणे सिद्ध केले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. काठावर उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला दुर्बिणीतून आजही त्या विवराच्या तळाशी जुन्या बाष्पपात्राचे व रहाटाचे गंजलेले अवशेष दिसतात. यंत्र खाली नेण्यासाठी पैसा होता. काम फसल्यावर ते वर आणण्यासाठी कोणी पैसा ठेवलेला नव्हता.

लोणारात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या सहकार्याने विवराच्या तळावर पाच ठिकाणी वेधन करण्यात आले, आणि फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी १९७३ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वर सुमारे शंभर मीटर गाळ आणि त्याखाली चुरडलेला, फुटलेला काळा खडक असा क्रम लागला. तीनशे मीटरांच्या पलीकडून आलेल्या गाभ्यात असे खनिजकण मिळाले की जे साध्या उष्णतेने होत नाहीत; ज्वालामुखीत कधी उत्पन्न होत नाही इतका प्रचंड व क्षणिक दाब त्यांस लागतो. चंद्रावरून आणलेल्या दगडांशी त्यांचे साम्य दिसले. दीडशे वर्षांचा वाद अशा रीतीने मिटला. यंत्र खाली गेले नसते तर हा निर्णय झाला नसता. तेव्हा विवरात यंत्र नेऊच नये, असे म्हणण्याचा माझा मुळीच आशय नाही.

प्रश्न नेण्याच्या रीतीचा आहे. त्यासाठी थोडे अंकगणित करू. समजा, लोणारच्या काठावरून तळापर्यंत मोटार उतरेल असा रस्ता करावयाचा आहे. खोली दीडशे मीटर. दहा मीटरांस एक मीटर असा उतार धरला तर रस्त्याची लांबी दीड किलोमीटर भरते. म्हणजे विवराच्या आतील अंगाला चौथा हिस्सा वळसा घालून जाणारी एक पट्टी. रुंदी केवळ तीन मीटर धरली आणि सबंध पट्टी डोंगरातच कोरली, तर २६ अंशांच्या उतारावर आतील बाजूस जवळजवळ दीड मीटर उंचीचा उभा छेद घ्यावा लागतो. दर मीटर लांबीस दोन घनमीटरांहून अधिक आणि एकंदर तीन हजार घनमीटरांच्या वर माती-मुरूम निघतो. छेद उभा राहत नाही, म्हणून तो तिरका करावा लागतो. मग आकडा आणखी फुगतो. अर्धी रुंदी कोरून निघालेला मुरूम बाहेरच्या अंगास भरावा, असे कोणी सुचवील. पण इतक्या तीव्र उतारावर भराव ठरत नाही, तो पावसाबरोबर घसरत थेट सरोवरात जातो. रस्ता आडवा गेला की वरून येणारे पाणी त्याच्या कडेने गोळा होते. जेथे त्याला वाट मिळते तेथे ते एकवटून कोसळते, आणि जेथे पूर्वी ओघळ नव्हता तेथे दोन पावसाळ्यांत घळ पडते.

घाटातही हे सारे होते, असे म्हणता येईल. होय, होते, तथापि तेथे डोंगर हा केवळ अडथळा असतो. लोणारात डोंगर हाच पुरावा आहे. आघाताच्या वेळी जे दगड उडाले ते विवराच्या काठावर आणि बाहेर सरासरी १,३५० मीटरांपर्यंत पसरलेले आहेत. त्या थरातील वितळलेल्या खडकांच्या काचेवरूनच विवराचे वय काढतात. आणि त्या वयाविषयी अद्याप मोठा मतभेद आहे. एका पद्धतीने १९९७ साली वय सुमारे बावन्न हजार वर्षे आले, तर दुसऱ्या पद्धतीने २०११ साली ते सुमारे पाच लक्ष सत्तर हजार वर्षे निघाले. दहापटींचा फरक! हा वाद मिटविणारा खडा काठावरच्या मातीत जेथल्या तेथे पडलेला असावयास पाहिजे. मुरूम म्हणून तो एकदा उचलला आणि रस्त्याच्या भरावात दाबला, म्हणजे तो कोणत्या थरातला हे सांगता येत नाही, आणि त्याची साक्ष कायमची बुडते. काळ्या खडकात पडलेली अशी सुस्थितीतील विवरे पृथ्वीवर अत्यंत विरळ आहेत. येथे गमावलेली साक्ष अन्यत्र मिळण्याजोगी नाही.

सुदैवाने दुसऱ्या रीतीचेही उदाहरण लोणारातच घडले आहे. २००८ साली भारतीय व जर्मन संशोधकांनी सरोवराच्या तळातील गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा नमुना काढला. त्यांना खडक कातावयाचा नव्हता. मऊ गाळात नळी दाबावयाची होती. त्यासाठी पाण्यावर तरंगणारा तराफा आणि तुकड्यातुकड्यांनी जोडावयाची नळी पुरते. एवढ्या हलक्या सामानाने जे हाती आले ते लहान नव्हते. अकरा हजार वर्षांच्या पावसाचा इतिहास त्या गाळात थरांनी लिहिलेला सापडला. सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २,००० ते ६०० वर्षांपूर्वी मध्य भारतात पाऊसमान दीर्घकाळ क्षीण झाल्याचे त्यावरून दिसून आले. क्षाराच्या टोपलीची जुनी रीत नव्या विद्येस उपयोगी पडली.

आता कोणी विचारील, शास्त्रज्ञांचे हे प्रश्न सामान्य गृहस्थाने ऐकून काय करावे? श्रोतेहो, लोणार हे नुसते विवर नव्हे. ते एक चालते-बोलते गाव आहे, आणि ते काठाला लागून आहे. गावाला पाण्याचे नळ हवेत, सांडपाणी वाहून नेण्याची सोय हवी, विजेचे खांब हवेत. या गोष्टी मागण्याचा गावाचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. किंबहुना सांडपाण्याची व्यवस्था नीट झाल्यावाचून सरोवरही वाचणार नाही, कारण गावचे घाण पाणी धारेच्या ओघळाने खाली उतरत असल्याची तक्रार जुनी आहे. २००० साली विवराचा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२० साली सरोवरास रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. कायद्याचे कुंपण पडले आहे. परंतु नळाची दुरुस्ती आली की खोदणारे यंत्र येते आणि यंत्र आले की त्यास वाट लागते. ती वाट कोणत्याही आराखड्यावर दाखविलेली नसते. यंत्र चालविणारा मनुष्य सकाळी येऊन जेथून सोपे दिसेल तेथून ती पाडतो. नळासाठी दोन हात रुंदीचा चर पुरतो; त्या चरापर्यंत पोहोचण्याची पट्टी त्याच्या पाचपट रुंद असते. हानी बहुधा चराने होत नाही, या पट्टीने होते.

म्हणून अशा जागी काही साधे नियम आधी ठरविले पाहिजेत. प्रथम, संबंध मार्ग पायी चालून पाहावा, आणि तोही एकदा पावसाळ्यात. कोरड्या दिवसांत जमीन आपले दोष सांगत नाही. दुसरे, सर्वांत जड न फुटणाऱ्या वस्तूचे वजन विचारावे आणि तिच्याऐवजी हलकी वस्तू मिळते काय, ते पाहावे. तिसरे, जुनी वाट असेल तर नवी पाडू नये; तीर्थाच्या पायऱ्या आणि पायवाटा शतके टिकल्या त्या पाण्याचा ओघ सांभाळून केलेल्या होत्या म्हणूनच. चौथे, उतारावर रस्ता कोरण्याऐवजी दोर, कप्पी आणि वर बसविलेला रहाट यांनी सामान उतरविता येईल काय, हे पाहावे. मोठ्या नळांच्या कामात नळाच्या कडेने रूळ टाकून सामान ओढण्याची रीत परिचित आहे, आणि तिला जमीन फारच थोडी लागते. पाचवे, मऊ जमिनीवर फळ्या अंथरूनच चाके न्यावीत. काम आटोपले की फळ्या उचलता येतात, रुतलेली चाकोरी उचलता येत नाही. आणि सहावे, ज्याची सर्वांत अधिक हयगय होते ते असे की, वाट बुजविण्याचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरावा. यंत्र परत कोण आणणार, पाण्याचे ओघ पूर्ववत कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून ठेवल्यावाचून पहिली कुदळ मारू देऊ नये. ॲरिझोनातील गंजलेले बाष्पपात्र हेच सांगत आहे.

हे नियम काही मोठे शास्त्र नव्हे. भाड्याच्या घरात खिळा मारण्यापूर्वी शहाणा गृहस्थ जितका विचार करतो तितकाच हा विचार आहे. फरक एवढाच की, घराचा मालक समोर असतो आणि भिंत पुन्हा लिंपिता येते. विवराचे मालक अद्याप जन्मास यावयाचे आहेत आणि त्याची भिंत लिंपिता येत नाही.

बोरघाटातील वाटेने आपणांस आगगाडी दिली, खोपोलीच्या फाट्याच्या टोकाशी वीज निघाली. त्या वाटा केल्याबद्दल कोणास खेद होणार नाही. मात्र त्या यशावरून प्रत्येक डोंगर फोडण्याजोगा आहे, असा निष्कर्ष काढणे चूक होय. जेथे वाट पुढच्या पिढीस उपयोगी पडणार असेल तेथे ओझ्याप्रमाणे वाट करावी, आणि ती करणाऱ्या मजुराच्या जिवाचा हिशेब आधी करावा. जेथे जमीनच आपला ठेवा असेल तेथे वाटेप्रमाणे ओझे करावे. थोडा वेळ अधिक लागेल, थोडे हात अधिक लागतील. लोणारचा क्षार ज्यांनी शतकानुशतके डोईवरून वर आणिला त्यांना ही विद्या कोणी शिकविलेली नव्हती. पुढच्या वेळी लोणारच्या काठावर खोदकामाचे यंत्र येऊन उभे राहील तेव्हा ते कशासाठी आले आहे, हे गावकऱ्यांनी व अधिकाऱ्यांनी अवश्य विचारावे. पण त्याआधी ते कोठून जाणार आणि परत कसे येणार, हे विचारावे.